कोल्हापुरात बेघर लोकांसाठी चार दिवस सेवा करायची आहे, जाणकारांनी सांगावं

संघवाला_सोलापूर

नमस्कार. मी सोलापूरचा, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं काम बघतो. नाताळ झाला की २६ ते २९ डिसेंबर आम्ही कोल्हापूरला यायचं ठरवतोय. मुलं-मुली मिळून सोळा जण, वय सतरा ते चोवीस. सोबत आमचे एक काका-काकू आहेत. उतरायची सोय तिथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये झाली आहे.

एरवी आमची सहल म्हणजे महाबळेश्वर नाहीतर गोवा. सकाळी बायबल अभ्यास, रात्री शेकोटी आणि गाणी. यंदा मुलांनीच विषय काढला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर अभ्यास चालला होता, भुकेल्याला दिलं ते मलाच दिलं असं प्रभू म्हणतो तो भाग. तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, हे आपण दरवर्षी वाचतो, पण आपल्यापैकी कुणी कधी रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाशेजारी बसलंय का? सगळे गप्प झाले. मग दोघं जण म्हणाले, लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो, रात्री स्टेशनबाहेर कितीतरी म्हातारी माणसं झोपलेली पाहिली. तिथून ही मिशन ट्रिप, म्हणजे सेवेची सहल, ठरली.

आत्तापर्यंत साठ हजार रुपये जमलेत. मुलांनी खाऊचे पैसे दिलेत, वडीलधाऱ्यांनी भर घातली आहे. डोक्यात असं आहे की दीडशे ब्लँकेट घ्यायची, रोज दोनशे अन्नाची पाकिटं वाटायची, बिंदू चौकात एक पथनाट्य करायचं आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना बोलावून गाणी आणि जेवण. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट शिवायला टाकायचेत, म्हणून घाई आहे.

विचारायचं असं की ही माणसं नेमकी कुठं असतात, पोलिसांची परवानगी लागते का, मुलींना रात्री फिरवणं बरोबर आहे का आणि त्यांच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का. आम्हाला मनापासून काम करायचं आहे. जे चुकत असेल ते सांगा.

पेठेतला

थेट बोलतो, राग मानू नका.

पहिलं, सोलापुरात बेघर नाहीत का? तुमच्या स्टेशनवर, सिद्धेश्वराच्या देवळापाशी कुणी झोपत नाही? मग दोनशे किलोमीटरवर येऊन सेवा करायची गरज काय?

दुसरं, पाकिटासोबत तुम्ही तुमच्या धर्माची पुस्तिका वाटणार आहात का? मी वारकरी घरातला आहे. कुणी कुणाला जेवू घातलं तर मला आनंदच आहे. पण ज्याच्या पोटात अन्न नाही तो तुम्ही म्हणाल त्याला हो म्हणणार, आणि त्या हो ला काही अर्थ नसतो. एवढं स्पष्ट असेल तर मी स्वतः मदत करीन. घर बिंदू चौकापासून चालत अंतरावर आहे.

शाहूपुरीची_सिस्टर

बाळा, तुझी पोस्ट वाचून बरं वाटलं. मी निवृत्त स्टाफ नर्स. शिकले मिरजेला, नोकरी सगळी कोल्हापुरात झाली. आता आमच्या चर्चमधल्या काही बायका, एक रिक्षावाले दादा आणि कॉलेजात शिकवणारे एक सर असे मिळून आम्ही संध्याकाळी स्टेशन, एसटी स्टँड आणि दसरा चौकाच्या बाजूला फिरतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. जे रोज दिसतं त्यावरून सांगते.

अन्नाची पाकिटं आणू नका. हे देवीचं गाव आहे. अंबाबाईच्या देवळाजवळ अन्नछत्र आहे, नवस फेडणारे आहेत, वाढदिवसाला केळी आणि बिस्किटं वाटणारी तरुण मंडळं आहेत. नाताळच्या सुट्टीत तर पर्यटकांची रीघ लागते. एकेका माणसापुढं तीन-तीन पाकिटं पडलेली मी बघते, आणि ती सकाळी कुत्री खातात. त्यातून बिर्याणी नाहीतर पुरी-भाजी असते. दात नसलेल्या म्हाताऱ्याला ती चावत नाही. इथं भुकेनं क्वचित कुणी पडतं. पडतात ते पायाच्या जखमेनं, अंगातल्या तापानं आणि आपण कुठून आलो हे कुणाला सांगता न आल्यानं.

म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की तुझ्या सोळा जणांत घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी किती मुलं आहेत? सोलापूरची मंडळी म्हटल्यावर असणारच.

का विचारते ते ऐक. कोल्हापूर स्टेशन म्हणजे रुळाचा शेवट. मिरजेहून आलेली लाइन इथं संपते. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस येते, तिरुपतीहून हरिप्रिया येते, मुंबईहून महालक्ष्मी आणि कोयना. ज्याला कुठं उतरायचं ते कळत नाही, तो गाडी रिकामी होते तिथं उतरतो. चुकलेली म्हातारी माणसं, डोक्यावर परिणाम झालेली माणसं, भांडून घर सोडलेली माणसं अशी इथं येऊन थांबतात. पुढं जायला रूळच नाही.

हरिप्रियेतून अशीच एक आजी उतरली होती. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. तो ती कुणाला धरू देईना. कुणी वडापाव द्यायचं, कुणी चहा. ती चहा घ्यायची, वडापाव शेजारी ठेवून द्यायची. आम्ही मराठीत विचारायचो, हिंदीत विचारायचो, ती भरभर काहीतरी बोलायची आणि मग हात जोडायची. लोक म्हणायला लागले, वेडी आहे. शेवटी सरांनी हॉस्टेलवरच्या एका विद्यार्थ्याला आणलं, तो आंध्रचा. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि नुसतं ‘अम्मा’ म्हणाला. आजीनं त्याचं मनगट जे धरलं ते अर्धा तास सोडलं नाही. गुंटकलच्या बाजूचं गाव, मुलाचं नाव, जावयाचं दुकान, सगळं सांगितलं. तिरुपतीहून परतताना गर्दीत तिची माणसं उतरली आणि ती गाडीतच राहिली होती. डब्यात प्रसादाचा लाडू होता, घरी न्यायचा. पोलीस ठाण्यातून त्या बाजूच्या ठाण्याला फोन लागला आणि मुलगा येऊन घेऊन गेला. आम्ही तिला इतके दिवस खायला देत होतो. तिला हवा होता तो बोलणारा माणूस. तुमच्याकडं तशी मुलं असली तर दोनशे पाकिटांपेक्षा तीच आम्हाला हवी आहेत.

गोंदियाच्या बाजूचं कुणी सापडलं तर भाषा कळते, पण माणूस घाबरून बोलत नाही. त्याच्याशी गावाकडच्या गोष्टी काढायच्या. जत्रा कधी असते, नदी कुठली, शेतात काय पिकतं. गावाचं नाव एकदम विचारलं की तोंड बंद होतं. नाव मिळालं की तिथल्या पोलीस पाटलाला नाहीतर ग्रामपंचायतीला फोन करायचा. त्याचं आधार आधीच काढलेलं असेल तर बोटांच्या ठशावरून घर सापडल्याचीही उदाहरणं आहेत.

डोक्यावर परिणाम झालेला माणूस दिसला तर त्याला तुम्ही उचलून कुठं नेऊ नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे. अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षण देणं ही त्या हद्दीतल्या पोलिसांची जबाबदारी आहे. २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत तपासायला न्यावं लागतं, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. ११२ला फोन करा, जवळ थांबा, पोलीस येईपर्यंत त्याच्याभोवती गर्दी होऊ देऊ नका. पोरांना हा विषय समजून घ्यायचा असेल तर कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांच्या कामाविषयी वाचायला सांग. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवण्याच्या कामासाठी २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता हातानं करायचं काम. नखं कापायची. हसू नका, हे फार मोठं काम आहे. वर्षानुवर्षं न कापलेलं अंगठ्याचं नख शिंगासारखं जाड होऊन आत वळतं आणि मांसात घुसतं. माणूस मग लंगडतो, चप्पल घालत नाही, अनवाणी फिरतो, काच लागते, त्यातून जखम. साखरेचा आजार असेल तर पाय जातो. साधं नेलकटर त्याला चालत नाही, पकडीसारखं मोठं कटर लागतं. आधी कोमट पाण्यात साबण टाकून पाय चांगला अर्धा तास भिजवायचा. तेवढा वेळ तुमची मुलं त्याच्याशी बोलतील, आणि खरं काम त्या अर्ध्या तासात होतं. मग कडेनं थोडं थोडं कापायचं, एकदम खोल जायचं नाही. हातात मोजे. रक्त आलं की थांबायचं आणि मला हाक मारायची. जखमेला वास येत असेल, अळ्या दिसत असतील तर तुम्ही हात लावायचा नाही. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं.

दाढी-केसांचंही तसंच. आधी विचारायचं. तो नको म्हणाला तर नको. त्याचं बोचकं त्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं आणि त्यातलं काही ‘घाण आहे’ म्हणून टाकून द्यायचं नाही. त्या बोचक्यात कुणाचा फोटो असतो, कुणाचं रेशन कार्ड असतं. आंघोळ घालणाऱ्यांनी कपडे बदलताना बोचकं फेकलं म्हणून एक बाबा परत कधी कुणाला जवळ येऊ देईनात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगते. समजा तुम्हाला कुत्रं चावलेला माणूस सापडला. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळते. ती एका दिवसाची गोष्ट नसते. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला डोस तुम्ही द्याल. तिसरा दिवस कदाचित तुमचा. सातव्या दिवशी तुम्ही सोलापुरात कॉलेजला असाल आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जानेवारी संपत आलेला असेल. तो माणूस तारीख लक्षात ठेवणार नाही. त्याला नेणारं इथलंच कुणीतरी लागेल. दोन आठवड्यांहून जास्त खोकणाऱ्या माणसाचं तेच. थुंकी तपासणं फुकट आहे, टीबी निघाला तर गोळ्या फुकट आहेत, आहाराचे महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. पण औषध सहा महिने चालतं आणि पैसे खात्यात जमा होतात. खातं काढायचं तर कागद हवेत, आणि कागदांसाठी फेऱ्या मारणारं माणूस हवं.

म्हणून तुमच्या चार दिवसांचं काम तुम्ही सुरू करून तुम्हीच संपवायचं असं आखू नका. आम्ही जे करतोय त्यात चार दिवस हात घाला. जो माणूस तुम्हाला सापडेल त्याचं नाव, दुखणं, गाव आणि पुढची तारीख वहीत लिहा आणि ती वही आमच्याकडं ठेवून जा. साठ हजारांतले निम्मे तरी पैसे त्या वहीसाठी राखा. रिक्षाभाडं, ड्रेसिंगचं सामान, कुणाला घरी पाठवायचं तर तिकीट. टी-शर्ट शिवू नका. बॅनर तर नकोच.

ब्लँकेटऐवजी तुमच्या गावची चादर आणा, दीडशे नको, चाळीस पुरे. ब्लँकेट दिवसभर ठेवायचं कुठं? पहाटे झाडू मारायच्या वेळी सगळ्यांना उठवतात, बोजा घेऊन फिरता येत नाही, मग ते कुठंतरी खोचून ठेवतात आणि चोरीला जातं. सोलापुरी चादर घडी करून खांद्यावर टाकता येते आणि धुतली की उन्हात वाळते. सोबत आठ, नऊ, दहा नंबरच्या रबरी चपला आणि नवीन आतले कपडे आणा. बायकांसाठी सॅनिटरी पॅड. हे कुणी वाटत नाही.

रिक्षा_रात्रपाळी

सिस्टरनी लिहिलंय त्यातला रिक्षावाला मीच.

एकच सांगतो भावा. झोपलेल्या माणसाला उठवू नका. लक्ष्मीपुरीत दुकानांच्या पायऱ्यांवर रात्री झोपत्यात त्यातले लई जण हमाल हायत, हॉटेलात भांडी घासणारी पोरं हायत. दिवसभर पाठीवर पोती वाहून अकराला पडत्यात आणि पहाटे चारला उठत्यात. रात्री बाराला गाडी येती, दिवे मारत्यात, हातात ब्लँकेट देत्यात, फोटो काढत्यात आणि जात्यात. मग त्याला झोप कुठली. त्याला भीक नको, त्याला खोली परवडंना म्हणून तो तिथं झोपतोय. त्याच्याशी बोलायचं तर संध्याकाळी बोला, भाऊ म्हणून हाक मारा.

पावसाळ्यात आला असता तर आणखी येगळं दिसलं असतं. पंचगंगा वाढली की घाटावरची माणसं वर स्टँडकडं सरकत्यात. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ला आणि २०२१ला पाणी त्याच्या लई वर गेलं तवा घरवाली माणसंच बेघर झाली होती. आत्ता डिसेंबरात घाटावर पण माणसं असत्यात, सकाळी लवकर जावा.

रिक्षा माझी चारही दिवस तुमच्याकडं. पेट्रोलचं बघू.

निवृत्त_पाळक_मिरज

प्रिय तरुणांनो, प्रभूत सलाम.

तुम्ही मिशन ट्रिप म्हणता आणि कोल्हापूर निवडता, तर या गावाचं त्या कल्पनेशी जुनं नातं आहे ते जाणून या. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि शाळांपासून त्यांनी काम सुरू केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं होतं. तिथं शंभर तरुणांनी मिशनकामासाठी परदेशी जायची तयारी दाखवली. त्यांना चेतवण्यात हा रॉबर्ट पुढं होता. त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट उभी राहिली आणि हजारो तरुण जगभर गेले. इकडं १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत दवाखाना काढला. ही माणसं चार दिवसांसाठी आली नव्हती. आमची भाषा शिकली, इथली धूळ आणि पटकी-प्लेग सोसले. तुम्ही चार दिवसांसाठी येताय, त्यात गैर काही नाही, पण मग राहणाऱ्यांच्या हाताखाली काम करा. सिस्टर सांगतात ते हेच.

लूकच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची, वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची, गोष्ट पुन्हा वाचा. उपदेशात आम्ही नेहमी त्याच्या दयेवर बोलतो, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या त्यावर बोलतो. पुढचं वाक्य घाईत वाचलं जातं. तो स्वतः प्रवासी होता, त्याला पुढं जायचं होतं. त्यानं जखमी माणसाला उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी तिथल्या रक्षकाजवळ पैसे दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असं सांगितलं. तुमच्या चार दिवसांसाठी याहून नेमकी सूचना मला शास्त्रात दिसत नाही.

‘पेठेतला’ यांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे. मी आयुष्यभर शुभवर्तमान सांगितलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत सांगेन. पण भुकेल्या माणसाच्या हातात अन्नाबरोबर पुस्तिका ठेवली की त्याची नाही म्हणायची मोकळीक आपण काढून घेतो. प्रभूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, त्यातला एकच आभार मानायला परत आला. बाकीच्या नऊ जणांचं बरेपण त्यानं काढून घेतलं नाही.

संघवाला_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी संघात हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. टी-शर्ट रद्द. पथनाट्यही रद्द, त्यावरून थोडी नाराजी झाली, पण नख कापायचं वाचल्यावर दोन मुलं म्हणाली आम्ही ते शिकतो. एकाचे वडील सलूनमध्ये काम करतात, ते मशीन देणार आहेत.

तेलुगू घरी बोलणाऱ्या तिघी मुली आहेत, पद्मशाली घरांतल्या. कन्नड बोलणारे चौघे, अक्कलकोटच्या बाजूचे.

पेठेतले दादा, पुस्तिका आणणार नाही. सोलापुरात बेघर आहेत, तुमचं खरं आहे. आमच्यापैकी कुणालाच हे काम येत नाही आणि इथं शिकवणारं कुणी ओळखीचं नाही. शिकून परत गेल्यावर आमच्या स्टेशनवर सुरू करायचं असं काल ठरलं.

सिस्टर, दोन गोष्टी अजून. मुली रात्री आल्या तर चालेल का? आणि कुणी स्वतःहून म्हणालं माझ्यासाठी प्रार्थना करा, तर काय करायचं?

शाहूपुरीची_सिस्टर

मुलींनी जरूर यावं. त्यांच्याशिवाय बायकांपर्यंत आम्ही पोहोचूच शकत नाही. रस्त्यावरची बाई तुम्हाला झोपलेली दिसणार नाही. ती रात्री झोपतच नाही. स्टेशनवर दिव्याखाली, तिकीट खिडकीच्या जवळपास बसून रात्र काढते आणि दुपारी देवळाच्या आवारात डोळा लावते. पुरुष जवळ आला की उठून जाते. म्हणून मुलींनी दुपारी देवळाच्या बाजूला आणि संध्याकाळी आठपर्यंत स्टेशनवर माझ्याबरोबर राहायचं. दोघी-दोघी, एकटी कुणी नाही. रात्री उशिरा फक्त मोठी मुलं, दादांच्या रिक्षाबरोबर. सतरा वर्षांच्या मुलांच्या आई-बापांची लेखी संमती घेऊन या.

प्रार्थनेचं म्हणशील तर, त्यानं स्वतः मागितली तर त्याच्या शेजारी बसून, हळू आवाजात करा. हात धरला तर धरू द्या. गर्दी करून, वर हात करून, गाणं म्हणत नको. आणि तो ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत असेल तर त्याला म्हणू द्या, मध्ये बोलू नका. माझ्याजवळ एक म्हातारे बाबा दर वेळी अभंग म्हणायचे आणि शेवटी म्हणायचे, आता तू तुझं म्हण. मी परमेश्वराची प्रार्थना म्हणायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. आमच्या दोघांच्यात त्यावरून कधी काही झालं नाही.

फोटो एकही नको. घरी शोध घ्यायला फोटो लागला तर तो मी किंवा सर काढू आणि पोलिसांनाच देऊ. ही माणसं कुणाची तरी आई-बापं आहेत. मुलाच्या मोबाईलवर ती अशा अवस्थेत दिसावीत असं त्यांना वाटत नाही. काही जण मुद्दाम लांब गावी येऊन राहिलेत ते ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. घरी जायचं नाही असं एखादा सांगेल. तेही ऐकून घ्यायचं. सगळ्यांची घरं परत जाण्यासारखी नसतात.

निवाऱ्याचं राहिलं. शहरात लाखभर लोकांमागं एक बेघर निवारा हवा असा नियम आहे. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे पाच तरी हवेत. महापालिकेच्या निवाऱ्यात एक दिवस सकाळी आपण जाऊ. तिथली माणसं काम करतात, त्यांना तुमच्या हातांची मदत होईल. मग संध्याकाळी स्टेशनवरच्या माणसांना तुम्ही विचारा, तिथं का जात नाही? कुणी म्हणेल बायको-नवऱ्याला वेगळं झोपावं लागतं. कुणी म्हणेल माझं कुत्रं बाहेर राहतं. कुणी दारूचं कबूल करेल. लगेच समजावायला जाऊ नका. ऐका आणि वहीत लिहा. सोलापुरात काम सुरू कराल तेव्हा ही उत्तरं लागतील.

येण्याआधी तुमच्या पाळकांचं पत्र आणा, सोळा जणांची नावं आणि आधारच्या प्रती जोडून. शाहूपुरी पोलीस ठाण्यात आणि स्टेशनवर रेल्वे पोलिसांकडं मी स्वतः घेऊन जाईन. आधी कळवलेलं असलं की कुणी अडवत नाही, आणि माणूस सापडला की तेच लोक मदतीला येतात.

पेठेतला

पुस्तिकेचं स्पष्ट झालं, माझा प्रश्न मिटला. पाळकसाहेबांचंही पटलं.

पाय भिजवायला गरम पाणी लागणार. आमच्या घरी जुना तांब्याचा बंब आहे, चाळीस लिटरचा, चालू आहे. लाकडं मी आणतो. २७ला सकाळी सहाला कुठं लावायचा तेवढं सांगा. घाटावर वारा असतो, तिथं पेटवायला त्रास होईल.

शाहूपुरीची_सिस्टर

घाटावर नको. तिथं उघड्यावर कुणी म्हातारं माणूस पायातलं काढायला लाजतं. दसरा चौकाच्या अलीकडं आमच्या सरांच्या ओळखीचं एक बंद पडलेलं गॅरेज आहे, आत मोरी आहे आणि दाराला पडदा लावता येतो. मालकाशी बोलून उद्या सांगते. बंबाबरोबर जुने टॉवेल असतील तर तेही द्या, आणि चार-पाच प्लास्टिकची टपं. सोलापूरच्या मुलांनो, मोठं नखकटर सर्जिकलच्या दुकानात मिळतं, निदान तीन आणा, आणि ते पुसायला स्पिरिट.